बंद खोलीतील वाढ : ॲन फ्रँक आणि तिची दोनदा लिहिलेली डायरी

ॲमस्टरडॅम शहरात प्रिन्सेनग्राख्ट नावाच्या कालव्याकाठी २६३ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. तिच्या मागील भागातील एका खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने ओढलेल्या काही बारीक रेघा आजही जपून ठेवलेल्या आहेत. एका पित्याने आपल्या दोन मुलींची उंची वेळोवेळी मोजून त्या ओढल्या होत्या. धाकटीची उंची दोन वर्षांत तेरा सेंटीमीटरहून अधिक वाढल्याचे त्या रेघा सांगतात. या दोन वर्षांत त्या मुलीने इमारतीच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलेले नव्हते.

शरीराची वाढ अशी मोजता येते. अन्न निकृष्ट असले, ऊन अंगावर पडत नसले, तरी त्या वयात शरीर वाढतच राहते. मनाची वाढ मात्र अशी आपोआप होत नाही आणि तिच्या रेघाही कोणी भिंतीवर ओढून ठेवीत नाही. ॲन फ्रँकच्या बाबतीत त्या रेघा उपलब्ध आहेत, कारण तिने त्या स्वतःच कागदावर ओढल्या. त्या कशा वाचाव्यात, याविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत हा विषय घेण्याचे कारण उघड आहे. अकरा ते सतरा या वयातील मुले-मुली आईबापांपासून दूर, एका खोलीत अनेकजण, घंटेच्या तालावर येथे वाढतात. प्रत्येक स्नेहसंमेलनात आणि प्रत्येक जयंतीला कोणीतरी वक्ता त्यांना सांगतो की, परिस्थितीच माणसाला घडविते. इतिहासाचे अध्यापन करीत असताना आम्हांला हे विधान अर्धवट वाटत आले आहे. बिकट परिस्थितीने खचलेली, गप्प झालेली, कडवट झालेली माणसे आपल्या वस्त्यांत काही कमी नाहीत. त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही इतकेच. परिस्थितीच्या आत राहून कोणी वाढले असेल, तर तेथे आणखी काहीतरी उपस्थित असले पाहिजे. ते काय होते, हे ॲनच्या डायरीत जवळजवळ दिवसवार शोधता येते.

ॲनचा जन्म १२ जून १९२९ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. पिता ओटो, माता एडिथ, तीन वर्षांनी मोठी बहीण मार्गोट. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फ्रँक कुटुंबाने देश सोडून हॉलंडमध्ये आश्रय घेतला. तेथे ओटो यांनी जॅम घट्ट करण्यासाठी लागणाऱ्या पेक्टिनचा व्यापार सुरू केला. मुली डच भाषेत शिकू लागल्या. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याने हॉलंडही व्यापले.

यानंतर जे घडले ते आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. एकामागून एक हुकूम निघत गेले. ज्यूंना पोहण्याच्या तलावावर मज्जाव झाला. बागा, उपाहारगृहे, चित्रपटगृहे आणि ग्रंथालये यांचीही दारे बंद झाली. १९४१ च्या शरद ऋतूत ज्यू मुलांची शाळा वेगळी करण्यात आली व ॲनला तिची आवडती शाळा सोडावी लागली. मे १९४२ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूने कपड्यावर पिवळा तारा शिवून घेणे सक्तीचे झाले. सायकली जमा करून घेण्यात आल्या, ट्रामचा प्रवास बंद झाला, बाजारहाटासाठी दुपारी तीन ते पाच एवढीच वेळ ठरवून देण्यात आली आणि रात्री आठनंतर घराबाहेर दिसणे गुन्हा ठरला.

तळे, शाळा, रस्ता, अंगावरील खूण. ही यादी वाचताना महाड आठवणार नाही, किंवा साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणारा बाल भीमराव आठवणार नाही, असा वाचक आपल्यात नसेल. अस्पृश्यांच्या प्रश्नावर लिहिताना ज्यूंच्या स्थितीशी तुलना बाबासाहेबांनीही केली आहे, आणि त्यांच्या एका ग्रंथाच्या शीर्षकातच अस्पृश्यांना भारतातील घेट्टोची लेकरे म्हटले आहे. तथापि साम्य दिसले की दोन्ही गोष्टी एकच मानून मोकळे होणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभत नाही. हॉलंडमधील ज्यू कालपर्यंत बरोबरीचे नागरिक होते. दोन वर्षांत सरकारी हुकमाने त्यांचे सर्व काही हिरावले गेले आणि अखेरीस त्यांना समूळ नष्ट करणे हाच सत्तेचा हेतू होता. आपल्या पूर्वजांना तळ्यावरून हटविण्यासाठी कोणाला हुकूम काढावा लागला नाही. रूढीच पुरेशी होती. आपण काय गमावले हे ॲनला नेमके ठाऊक होते, कारण ते तिने उपभोगले होते. गमाविण्याजोगे काही हाती न आलेल्या मुलाचे दुःख वेगळ्या जातीचे असते.

तेराव्या वाढदिवशी, १२ जून १९४२ रोजी, तिला लाल-पांढऱ्या चौकटींच्या वेष्टनाची एक वही भेट मिळाली. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ५ जुलैला, सोळा वर्षांच्या मार्गोटला जर्मनीतील श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी कुटुंब चालत निघाले आणि ओटो यांच्या कचेरीच्या मागील, आधीपासून गुपचूप सज्ज केलेल्या जागेत जाऊन राहिले. आठवड्याभरात फान पेल्स कुटुंब आपला पंधरा वर्षांचा मुलगा पीटर याच्यासह आले. नोव्हेंबरमध्ये फ्रिट्झ फेफर हे दंतवैद्य आले. (डायरी वाचताना ही नावे निराळी दिसतील, ॲनने पुढे प्रकाशनाच्या विचाराने सहवासीयांना कल्पित नावे योजली होती.) अशी आठ माणसे, पंचवीस महिने. दारापुढे पुस्तकांचे फिरते कपाट. खाली वखारीत कामगार असत आणि त्यांना वर कोणी राहते हे ठाऊक नव्हते. म्हणून दिवसभर पावलांचा आवाज नको, खोकला नको, नळ नको, संडासात पाणी सोडणे नको. कचेरीतील चार विश्वासू सहकारी, मीप खीस, बेप व्होस्काउल, व्हिक्टर कुग्लर आणि योहानेस क्लायमन, जीव धोक्यात घालून अन्न, पुस्तके आणि बातम्या पोहोचवीत.

चौदा वर्षांच्या मुलीला अशा जागी सर्वांत अधिक कशाची उणीव भासली असेल? अन्नाची आणि मोकळ्या हवेची तर होतीच. परंतु डायरीतील एक प्रदीर्घ भांडण आहे ते एका टेबलासाठी. ॲनला आपली अरुंद खोली पन्नाशी ओलांडलेल्या फेफर यांच्याबरोबर वाटून घ्यावी लागे, आणि खोलीत लिहिण्याचे टेबल एकच होते. जुलै १९४३ मध्ये तिने अतिशय सभ्य शब्दांत विनंती केली की, आठवड्यातून दोन दुपारी थोडा वेळ ते टेबल तिला मिळावे. फेफर यांनी ती फेटाळली. मुलीचे वाचन-लेखन हे काही गंभीर काम नव्हे, असा त्यांचा सूर होता. ती संतापली, पण तिने आवाज चढविला नाही. आधी पित्याचा सल्ला घेतला आणि पुन्हा बोलणी केली. शेवटी ओटो मध्ये पडले आणि आठवड्यातील दोन दुपारी तिच्या नावावर झाल्या. येथे फेफर यांची बाजूही नोंदविणे न्याय्य होईल. त्यांनी आपला लहान मुलगा इंग्लंडला पाठविला होता, वाग्दत्त वधू त्याच शहरात असून भेटता येत नव्हती, आणि दोन कुटुंबांत ते एकटे होते. डायरी त्यांना न्याय देत नाही. किशोरवयीन मुलीच्या डायरीकडून ती अपेक्षाही नाही.

या टेबलापाशी आम्हांला हटकून परळच्या चाळीतील एक खोली आठवते. सुभेदार रामजी आंबेडकरांचे कुटुंब त्या एकाच खोलीत स्वयंपाक करी, तेथेच झोपे, तेथेच सामान ठेवी. हायस्कुलात शिकणारा भीमराव अभ्यास करणार कोठे? रामजींनी जागेचा प्रश्न वेळेने सोडविला. मुलाला लवकर निजवावे, आपण रात्री दोनपर्यंत जागे राहावे, मग त्याला उठवून त्याच्या जागी आपण अंग टाकावे, आणि मुलाने दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचावे. दोन्ही ठिकाणी खोली तेवढीच राहिली. फरक पडला तो एका वडीलधाऱ्या माणसाने मुलाच्या अभ्यासाला घरातील इतर गरजांइतकाच हक्क आहे असे मानल्यामुळे. याचे श्रेय परिस्थितीला देणे म्हणजे रामजींच्या जागरणाचे श्रेय चाळीच्या मालकाला देण्यासारखे आहे!

त्या जागेत अभ्यासाचा क्रम अखेरपर्यंत चालू राहिला. बेप यांच्या नावाने टपालाद्वारे लघुलिपीचा अभ्यासक्रम मागविण्यात आला आणि ॲन, मार्गोट व पीटर तिघांनी तो गिरविला. मार्गोटने लॅटिनचा धडा घेतला. ॲन फ्रेंच, इंग्रजी, इतिहास आणि पुराणकथा आवडीने वाची, राजघराण्यांच्या वंशावळी तयार करी आणि बीजगणिताचा मनापासून तिटकारा करी. (आमच्या वर्गातील अनेकांना हे ऐकून दिलासा मिळतो.) भिंतीवर सिनेनटांची चित्रे चिकटविलेली होती, ती पोरकट वाटली तरी काढण्याची गरज कोणाला भासली नाही. शाळा पुन्हा सुरू होईल आणि आपण मागे पडता कामा नये, एवढ्या विश्वासावर हा दिनक्रम उभा होता.

आता मुख्य मुद्दा. डायरी लिहिणारी मुले पुष्कळ असतात. आपले लिहिलेले पुन्हा वाचणारी थोडी. ॲनची खरी वाढ आम्हांला या पुनर्वाचनात दिसते. पहिल्या वर्षातील तिची लेखणी तिखट आहे. मोठ्या माणसांच्या खोडी, फान पेल्सबाईंचा तोरा, आणि सर्वांहून अधिक स्वतःच्या आईविषयीचा राग तिने कठोर शब्दांत लिहिला आहे. आई आपल्याला समजून घेत नाही, मार्गोटलाच झुकते माप देते, ही तक्रार पुनःपुन्हा येते. मग २ जानेवारी १९४४ ची नोंद येते. रिकामपणी जुनी पाने चाळताना तिला आईवरचा मजकूर सापडला आणि तिचे तिलाच नवल वाटले, की हे इतके द्वेषाने आपण लिहिले? ती कारण शोधू लागते. तिच्या ध्यानात येते की, त्या काळात तिने केवळ आपल्या बाजूने पाहिले. आपल्या उसळत्या स्वभावामुळे समोरचे माणूस दुखावले गेले असेल हा विचारच केला नाही. आणि आईही त्याच भिंतींच्या आत, त्याच भीतीखाली जगत होती. यानंतर मायलेकींचे पूर्ण मनोमिलन झाले, असे मात्र नाही. काही दिवसांतच पुन्हा आईवर टीका आहे. परंतु आता टीकेबरोबर तिची मीमांसाही आहे. त्याच महिन्यात तिने १९४२ च्या एका जुन्या नोंदीखाली नवी टीप जोडून, आपण आता असे लिहू शकणार नाही, अशा अर्थाची कबुली दिली.

धम्माच्या परिभाषेत ज्याला सम्यक स्मृती म्हणतात, मनात उठलेल्या क्रोधाला क्रोध म्हणून पाहणे, त्याच्याशी हे फार जवळचे आहे. तिला अर्थातच हा शब्द ठाऊक नव्हता. तिच्याजवळ होती एक वही आणि दीड वर्षांपूर्वीचे स्वतःचे हस्ताक्षर.

२८ मार्च १९४४ च्या रात्री लंडनहून डच सरकारचे शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन यांचे भाषण नभोवाणीवर झाले. युद्धानंतर सामान्य लोकांच्या डायऱ्या व पत्रे जमविली जातील, कारण केवळ सरकारी कागदांवरून या काळाचा इतिहास लिहिता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. लपलेली आठही माणसे ॲनच्या वहीकडे वळली. २० मे रोजी तिने संपूर्ण डायरी सुट्या कागदांवर नव्याने लिहावयास घेतली. सुमारे दहा आठवड्यांत तिने दोनशेहून अधिक कागद भरले. काही नोंदी गाळल्या, काही जोडल्या, काही एकत्र केल्या. सारे लेखन किटी नावाच्या एकाच कल्पित मैत्रिणीला उद्देशून केले. आईवरील काही जहाल मजकूर आणि पीटरविषयीच्या कोवळ्या भावना बाजूला ठेवल्या. पुस्तकाचे नाव तिने ठरविले होते ‘मागील घर’.

याचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. आज छापील डायरीतील १९४२ ची नोंद वाचताना आपण अनेकदा तेरा वर्षांच्या मुलीने अनुभवलेले आणि पंधरा वर्षांच्या मुलीने लिहिलेले असे काहीतरी वाचत असतो. म्हणून, इतक्या लहान मुलीला हे कसे सुचले, हा काहींचा संशय अज्ञानातून आलेला आहे. मूळ वह्या आणि सुटे कागद यांची शास्त्रीय तपासणी होऊन ते अस्सल ठरले आहेत. १९८६ मध्ये नेदरलँड्सच्या युद्धविषयक अभिलेख संस्थेने पहिला खर्डा, ॲनने केलेला दुसरा खर्डा आणि ओटो यांनी दोन्हींतून सिद्ध केलेले पुस्तक असे तिन्ही पाठ समोरासमोर छापले. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला मिळालेले नाही.

आता वसतिगृहांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. ती वही रात्री ओटो यांच्या बिछान्याजवळ असे, आणि पुढे तिचे कागद त्यांच्याच बॅगेत ठेवलेले असत. आपण ती कधीही वाचणार नाही, असा शब्द त्यांनी मुलीला दिला होता आणि तो पाळला. आठ माणसे, एक चूल, एक संडास. तरीही ती वही दोन वर्षे कोणी उघडली नाही. आपल्याकडील काही वसतिगृहांत शिस्तीच्या नावाखाली मुलांच्या, आणि विशेषतः मुलींच्या, वह्या व पत्रे उघडून पाहण्याची रीत अजून आहे. पालकांनी विश्वासाने मुली सोपविल्या आहेत, जबाबदारी आमची, असे तिचे समर्थन केले जाते. जबाबदारी खरीच आहे. परंतु आपले लिहिलेले कोणी तपासणार आहे हे ठाऊक असलेली मुलगी खरे लिहीत नाही, आणि जिने खरे लिहिलेच नाही तिला सहा महिन्यांनी पुन्हा वाचण्यासारखे काही उरत नाही. ॲनने आपल्या शरीरातील बदलांविषयी, पाळीविषयी, मुलग्याविषयी वाटणाऱ्या ओढीविषयी त्या वहीत निःसंकोच लिहिले आहे. ही पाने वगळून डायरी वर्गात शिकविण्याचा आग्रह धरणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आपल्या शाळेतील प्रत्येक मुलामुलीच्या पेटीला कुलूप आणि त्या कुलपाची एकच किल्ली असावी, असे आमचे मत आहे.

बंद खोलीतही जग येतच होते. नभोवाणीवरून ज्यूंना विषारी वायूने मारले जात असल्याची बातमी ऑक्टोबर १९४२ मध्येच त्यांच्या कानी आली होती. फेब्रुवारी १९४३ च्या एका नोंदीत गांधीजींच्या उपोषणाचाही ओझरता उल्लेख आहे. ते पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये चालले होते. याच उपोषणावरून व्हाइसरॉयच्या मंडळातील तीन हिंदी सदस्यांनी राजीनामे दिले आणि मजूर खात्याचे सदस्य असलेले बाबासाहेब आपल्या पदावर राहिले. ॲन अज्ञातवासात शिरली त्याच जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना होत होती. पाठ्यपुस्तकांत या गोष्टी इतक्या दूरच्या पानांवर असतात की त्या एकाच महिन्याच्या आहेत, हे मुलांच्या ध्यानातच येत नाही.

जुलै १९४४ मधील तिचे एक वाक्य, माणसांच्या मनातील चांगुलपणाविषयीचे, जगभर फलकांवर लिहिले जाते. त्याच परिच्छेदात ती जगाचे हळूहळू ओसाड रान होत असल्याचे आणि संहाराचा गडगडाट जवळ येत असल्याचेही लिहिते. तो भाग फलकांवर नसतो. ४ ऑगस्ट १९४४ रोजी पोलीस आले. वेस्टरबोर्कची छावणी, मग ३ सप्टेंबरच्या गाडीने ऑशविट्झ, मग दोघी बहिणींची रवानगी बर्गन-बेल्सनला. आई एडिथ जानेवारी १९४५ मध्ये ऑशविट्झ येथे मरण पावली. मार्गोट आणि ॲन त्यानंतर काही आठवड्यांतच, प्रलापक ज्वराच्या साथीत गेल्या. हॉलंडमधून नेलेल्या सुमारे १ लाख ७ हजार ज्यूंपैकी पाचेक हजार परतले. त्या आठांपैकी एकटे ओटो.

अटकेच्या दिवशी पोलिसांनी दागिने व पैसे भरून नेण्यासाठी ओटो यांची बॅग जमिनीवर रिकामी केली. कागद त्यांना निरुपयोगी वाटले. मीप आणि बेप यांनी ते गोळा केले. मीप यांनी ते न वाचता टेबलाच्या खणात ठेवले आणि मुली परतणार नाहीत हे निश्चित कळल्यावर जुलै १९४५ मध्ये पित्याच्या हाती दिले. ज्या पित्याने टेबल मिळवून दिले, उंचीच्या रेघा ओढल्या, वही न वाचण्याचा शब्द पाळला, त्याने ती प्रथमच वाचली आणि पुढे सांगितले की, आपली मुलगी आपल्याला पुरती कळलीच नव्हती. पुस्तक २५ जून १९४७ रोजी डच भाषेत निघाले. मराठी अनुवादही उपलब्ध आहे. नववीच्या विद्यार्थ्यांनी तो सुरुवातीपासून न वाचता आधी २ जानेवारी १९४४ ची नोंद काढावी आणि मग १९४२ कडे मागे जावे, असे आम्ही सुचवितो.

मार्गोटही तेथे डायरी लिहीत असे, असे ॲनने नमूद केले आहे. त्या वह्या मिळालेल्या नाहीत.